बजाबाईंचा डावा पाय

डॉक्टर ऋतुराज पाटोळे मलावीला जाणार, ही बातमी आम्हाला मार्चमधल्या एका रविवारी उपासनेनंतर कळली, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की माझ्या मनात त्यांच्याविषयी पहिल्यापासूनच काहीतरी होतं. तसं नव्हतं.

मी वैजयंती उबाळे. सोलापूरच्या बाहेर, होटगीच्या रस्त्याला आमच्या मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. तिथली ड्रेसिंगची खोली मी एकोणतीस वर्षं सांभाळली. डॉक्टर पाटोळे आमच्याकडे आले तेव्हा तिशीतले होते. हात चांगला. वाकडी झालेली बोटं सरळ करायची ऑपरेशनं ते अशी करायचे की महिन्याभरानं माणूस स्वतःच्या हातानं भाकरी मोडायचा. चार वर्षांपूर्वी त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून आठवडाभर दवाखाना आणि रविवारी व्यासपीठ, असं दोन्ही ते बघायचे. बोलायला लागले की लोक ऐकत राहायचे. मीही ऐकायची.

मलावीत एका सरोवराकाठी आमच्यासारखाच एक मिशनचा दवाखाना आहे आणि आसपासच्या खेड्यांत चाळीसेक लहान मंडळ्या, म्हणजे छोटी चर्चं, आहेत. दोन्हींचा प्रमुख एकच असतो. इतकी वर्षं तिथं युरोपातून कुणीतरी यायचं. आता तिकडून माणूस मिळेना, म्हणून त्यांनी आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाला विचारलं. मंडळानं डॉक्टरांचं नाव पाठवलं.

मंडळाचे अध्यक्ष शांतवन ओहोळ सर. निवृत्त मुख्याध्यापक, सत्तरीचे. त्या रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या व्हरांड्यातले फोटो बघा. शंभर वर्षं बाहेरून लोक आले आणि त्यांनी आपल्याला सांभाळलं. आता आपल्यातला माणूस तिकडं सांभाळायला चाललाय." बोलताना त्यांचा आवाज कापत होता. माझे आजोबा त्या फोटोंतल्या एका गोऱ्या डॉक्टरचा घोडा सांभाळायचे. मलाही भरून आलं.

आता बजाबाईंचं सांगते.

बजाबाई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वीस वर्षांपूर्वी एकट्याच एसटीनं आल्या, काखेत पिशवी, आणि फाटकावर विचारलं, "हितं पायाचं बगत्यात व्हय?" रोग गोळ्यांनी वर्षभरात गेला, पण तोवर पायांच्या नसा मेल्या होत्या. घरच्यांनी परत न्यायला टाळाटाळ केली तशा त्या दवाखान्याच्याच आश्रमात राहिल्या. भाजी निवडायच्या, कोंबड्या बघायच्या, आणि बायकांच्या वॉर्डात कुणी रडायला लागलं की जाऊन शेजारी बसायच्या.

नसा मेलेला पाय म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. त्याला काटा रुतला तरी कळत नाही. खडा टोचला, विस्तव लागला, उंदरानं कुरतडलं तरी कळत नाही. म्हणून अशा माणसाला खास मऊ रबराची चप्पल देतात आणि रोज पाय तपासतात. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. आमच्याकडं झाडणाऱ्या बाईपासून सगळ्यांना हे पाठ असतं. बजाबाईंच्या डाव्या तळव्याला एक जुनी जखम होती. सहा महिने मी ती रोज धूत होते, आणि एप्रिलमध्ये ती नखाएवढी उरली होती. अजून तीन आठवड्यांत मिटली असती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी तपासणी शिबिरासाठी दोन दिवस अक्कलकोटला गेले. परत आले त्या सकाळी बजाबाई ड्रेसिंगला आल्या नाहीत. मीच वॉर्डात गेले. त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर लुगडं ओढून घेतलं होतं.

"काय झालं?"

"काय न्हाय शिस्टर. जरा पानी धरलंय."

मी लुगडं बाजूला केलं. दोन्ही तळव्यांची कातडी फुग्यासारखी सुटली होती. उजव्याचा फोड अजून शाबूत होता. डाव्याचा फुटून जुन्या जखमेपर्यंत सगळं उघडं पडलं होतं, आणि त्यात माती होती. वासावरून कळलं की हे कालचं नव्हे, परवाचं आहे.

"कुठं चाललात तुम्ही?"

"देवळात," त्या म्हणाल्या. आमच्या प्रार्थनामंदिराला त्या देऊळच म्हणायच्या. "डाक्टरांचा पिच्चर काडला की परवा. माजे पाय धुतले तेनी. सोता खाली बसून. मग म्हनले, आजी, आता अनवानी देवळाकडं चाला, म्हंजी तितल्या लोकास्नी कळंल. सा येळा चालवलं. एकदा मी लई बिगी गेलं, एकदा त्या कॅमेऱ्याकडंच बगितलं."

"आणि कुणी चप्पल दिली नाही?"

"मला काय कळतंय बाई. पाय माजा हाय, पर माज्याकडं काय बोलतच न्हाय."

परवा सोलापूरचं तापमान त्रेचाळीस होतं. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. दुपारी तिच्यावर पापड वाळत घालतात. तो पंचेचाळीस पावलांचा रस्ता बजाबाई सहा वेळा अनवाणी चालल्या होत्या.

मी पाय धुतले, मेलेली कातडी कापली, पट्ट्या बांधल्या. माझे हात आपोआप चालले. मग केसपेपर बघितला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात आदल्या दिवसाची नोंद होती: 'रुग्ण सूचना न पाळता अनवाणी फिरल्याने दोन्ही तळवे भाजले.' म्हणजे त्यांनी पाय बघितले होते. बघून हे लिहिलं होतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. टेबलावर पासपोर्टचे कागद, मलावीचा नकाशा. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"डॉक्टर, बजाबाईंना अनवाणी कुणी चालवलं?"

त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, माझी चूक झाली. गडबडीत लक्षात राहिलं नाही. तिथल्या मंडळ्यांना माझी ओळख करून द्यायला फिल्म हवी होती, पुढच्याच आठवड्यात पाठवायची होती. दुपारचाच वेळ मोकळा होता."

"मग केसपेपरवर हे काय लिहिलंय?"

"ते... ऑडिटला प्रश्न नकोत. तुम्हाला माहीत आहे हे सगळं कसं असतं."

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मी त्यांना माफ करायच्या बेतात होते. गडबडीत कुणाचंही लक्ष चुकतं. माझ्या हातूनही चुका झाल्यात. एकदा मी एका माणसाला दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं होतं आणि रात्रभर त्याच्या उशाशी बसले होते. पण मी ते लिहिलं होतं. मी केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला, त्यांच्या नोंदीखाली 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून चित्रीकरणासाठी सहा वेळा' असं लिहिलं, सही केली आणि बाहेर आले. त्यांनी माझ्या पाठीमागं दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो केसपेपर गायब झाला. नवीन केला होता, स्वच्छ अक्षरात. माझी ओळ त्यात नव्हती.

फिल्म काढणारा आतिफ. नवी पेठेत त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. आमच्याकडच्या नाताळच्या कार्यक्रमांचं तोच काढतो, म्हणून ओळख. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. मी रिक्षानं त्याच्याकडे गेले. कापडाच्या दुकानांच्या वर, अरुंद जिन्याची खोली. मला बघितल्यावर त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बुढ्ढी कैसी है?" त्यानं पहिलं हेच विचारलं. मग मराठीत म्हणाला, "सिस्टर, मी बोललो होतो साहेबांना. फरशी तापलीय, बाईंना चप्पल घालू द्या. ते म्हणाले, चपलेनं सगळा भाव जातो. मी पण पुढं काही बोललो नाही. संध्याकाळी लग्न होतं, मला पण निघायचं होतं." त्यानं खुर्ची माझ्याकडं सरकवली. "दोन दिवस जेवण जात नाही मला."

"सगळं आहे तुझ्याकडं? कापायच्या आधीचं?"

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

आधी पाय धुण्याचं होतं. पितळेची परात, खांद्यावर पांढरा टॉवेल, डॉक्टर गुडघ्यावर. ते इतकं सुंदर दिसत होतं की मला पुन्हा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग आतिफ म्हणाला, "आवाज ऐका." डॉक्टर मान खाली घालून, ओठ न हलवल्यासारखं करत कॅमेऱ्यामागच्या आतिफला म्हणत होते, "लवकर उरक, वास मारतोय." बजाबाई त्यांच्यापासून दीड हातावर होत्या. त्यांचे कान चांगले आहेत.

मग अंगणातलं. डॉक्टरांचा विचार दिसत होता की आपणही अनवाणी शेजारून चालावं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, सावलीतून एक पाऊल उन्हातल्या फरशीवर टाकलं. आणि झटकन मागं घेतलं. एक पाय उचलून, तोंडानं हुश्श करत, भिंतीला धरून उभे राहिले. हसले. मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. मग म्हणाले, "आजी, तुम्हीच चला. सावकाश. हसू नका, जरा दुःख दिसू द्या चेहऱ्यावर."

त्या चालल्या. सहाही वेळा मी बघितलं. पाचव्या वेळी फरशीवर ओले ठसे उमटत होते.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. एकोणतीस वर्षांत मी अळ्या पडलेल्या जखमा धुतल्यात, सडलेली बोटं कात्रीनं कापून बादलीत टाकलीत, आणि लगेच हात धुऊन चहा घेतलाय. मला कधी काही झालं नाही. आतिफच्या जिन्यावर मी कठड्याला धरून बसले आणि खालच्या दुकानातल्या माणसानं पाणी आणून दिलं.

मंडळाच्या बैठकीत मी ते सात जणांना दाखवलं. आतिफनं पेनड्राइव्हवर दिलं होतं. डॉक्टरांना बोलावलं नव्हतं. संपल्यावर एक जण खिडकीतून बाहेर बघत राहिला, दुसऱ्यानं घसा साफ केला.

ओहोळ सर म्हणाले, "वैजयंतीबाई, हे आणखी कुणाला दाखवलंय?"

"नाही."

"मग इथंच ठेवा. त्या माणसाशी मी बोलेन, चांगलं खडसावेन. पण हा मान सोलापूरच्या मंडळीला पहिल्यांदा मिळतोय. हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? आपले लोक जबाबदारी द्यायच्या लायकीचेच नाहीत, असंच म्हणतील."

"सर, तिथं पण पेशंट आहेत. तिथल्या बायकांना पण पाय आहेत."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"तुम्ही बघितलंत ना, त्यांनी पाय मागं घेतला ते?"

ओहोळ सरांनी मला शाळेत शिकवलं होतं. माझ्या लग्नात साक्षीदाराची सही त्यांची आहे. ते समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत होते. मग त्यांनी एक बिस्किट उचललं आणि चहात बुडवलं. का कोण जाणे, डॉक्टरांपेक्षा त्या ओल्या बिस्किटाची मला जास्त शिसारी आली.

त्याच आठवड्यात मी मलावीच्या दवाखान्याच्या पत्त्यावर सगळं पाठवलं. इंग्रजीत पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. मी फक्त झालं ते लिहिलं आणि खाली नाव घातलं. तिकडून आठ दिवसांत उत्तर आलं, डॉक्टरांकडे खुलासा मागितला आहे, असं. त्यानंतर माझी बदली ड्रेसिंगच्या खोलीतून कपड्यांच्या कोठारात झाली. चादरी मोजायच्या, उशांचे अभ्रे मोजायचे. बजाबाईंच्या पट्ट्या आता एक नवी मुलगी बदलायची. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून यायची.

डावा पाय बरा होत नव्हता. मेच्या पहिल्या आठवड्यात जखमेत तपासायची सळई घातली तर ती हाडाला लागायला लागली.

आणि मग डॉक्टर माफी मागायला आले. मी तिथंच होते, खाटेच्या दुसऱ्या बाजूला. कॅमेरा नव्हता, एवढं खरं. ते आले, गुडघ्यावर बसले आणि बजाबाईंच्या पांघरुणावर कपाळ टेकवलं. रडले. खरंच रडले, खांदे हलत होते.

"आजी, मी तुमचा अपराधी आहे. मला क्षमा करा."

बजाबाईंनी बराच वेळ त्यांच्या टाळूकडे बघितलं. मग म्हणाल्या, "डाक्टर, उटा. डोस्कं ठिवून काय हुतंय. पट्टी बदलायची हाय, तेवडी बदला. तुमचा हात चांगला हाय."

त्यांनी वर बघितलं. पट्टीतून पिवळं पाझरलेलं होतं आणि वास येत होता, तो मलाही येत होता. डॉक्टर उठले, डोळे पुसले, मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आजी, मला व्हिसाच्या कामाला जायचंय. सिस्टरना सांगतो." त्यांनी बजाबाईंच्या डोक्यावर हात ठेवून छोटी प्रार्थना केली आणि गेले.

"रडला बिचारा," बजाबाई म्हणाल्या. मी पट्टी सोडायला घेतली.

वीस मेला बाहेरून सर्जन बोलावून पाय गुडघ्याखाली कापला. बजाबाईंनी आदल्या दिवशी मला विचारलं की कापलेला पाय कुठं नेतात. मी सांगितलं, पुरतात. "मातीत?" हो म्हटलं. "मग बरं," त्या म्हणाल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली हात नेला, मग मागं घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. कोंबड्यांची चौकशीही केली नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी निरोपाची उपासना होती. मंदिर भरलं होतं, बाहेर मांडव घातला होता. मागं मटणाची पातेली चढली होती, वास आतपर्यंत येत होता. मलावीहून आलेलं पत्र ओहोळ सरांनी मराठी करून वाचलं. डॉक्टरांनी खुलासा पाठवला होता, आणि तो वाचून तिथल्या लोकांची खात्रीच पटली होती की इतका नम्र, मोडलेल्या मनाचा माणूस देवानंच पाठवला आहे.

मग डॉक्टर संदेशाला उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं लपवतील. त्यांनी काहीच लपवलं नाही. ऊन, फरशी, सहा फेऱ्या, स्वतःचा मागं घेतलेला पायसुद्धा. प्रत्येक गोष्ट योग्य जागी थांबून, आवाज उतरवून. "मी एका गरीब आजीला विस्तवावरून चालवलं," ते म्हणाले, "कारण माझ्या मनात गर्व होता. देवानं मला त्या फरशीवर मोडलं. आजींचा पाय गेला, पण माझं हृदय मला परत मिळालं. हीच साक्ष मी मलावीला घेऊन चाललो आहे."

बायका रडत होत्या. माझ्या शेजारची भीमाबाई, जी वॉर्डात बजाबाईंना रोज जेवण वाढते, तीही पदर डोळ्यांना लावून बसली होती. ओहोळ सरांनी चष्मा पुसला. इतकं सुंदर कुणी बोललं नव्हतं, असं लोक नंतर जेवताना म्हणत होते.

मी समोर बघत बसले होते. मला पत्र लिहिल्याचा पश्चात्ताप झाला. लपवलं असतं तर निदान ती लपवलेली गोष्ट राहिली असती. आता तिचा प्रसाद झाला होता, आणि तो सगळ्यांना वाटला जात होता. बजाबाई त्या वेळी वॉर्डात होत्या. त्यांना कुणी आणलं नव्हतं. कुणाला आणावंसं वाटलं नव्हतं, कारण सांगायला त्यांची गरज उरली नव्हती.

त्यानंतर प्रभुभोजन, येशूच्या नावानं भाकर वाटून खायचा विधी. डॉक्टर स्वतः भाकर घेऊन रांगेनं येत होते. बाराव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, मंडळीची पक्की सभासद झाले, तेव्हापासून मी एकदाही ते चुकवलेलं नाही. नवरा गेला त्या रविवारीही नाही. डॉक्टर माझ्यापुढे आले. तबकात भाकरीचे चौकोनी तुकडे होते. त्यांनी एक उचलून पुढे केला. त्यांची बोटं मी बघितली, स्वच्छ, नखं कापलेली, सर्जनची बोटं. मी हात मांडीवर ठेवले आणि तसेच ठेवले.

"सिस्टर," ते हळू म्हणाले.

"नको."

ते तिथं उभे राहिले. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एक करुणा आली, माझ्यासाठीची. ती बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. मी उठले, त्यांच्या बाजूनं वाट काढली आणि बाहेर आले. मांडवातून, पातेल्यांजवळून. एका बाईनं विचारलं, "जेवून जाताय ना?" मी नाही म्हटलं.

वॉर्डात गेले. बजाबाई जाग्या होत्या.

"संपलं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"काय म्हनले डाक्टर?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. हृदय परत मिळालं तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी आता तितं बी माजंच सांगत बसनार." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेनला म्हनावं, वास मारतुया म्हनला ते बी सांगा."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. एवढे दिवस त्या बोलल्या नव्हत्या. माझ्याशीही नाही. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि रडले. त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला रडताय. तुमी तर सा म्हैनं नाकाला पदर न लावता धुतलं."

डॉक्टर जूनमध्ये गेले. प्रभुभोजनाचा अवमान केला म्हणून मंडळानं माझ्याकडून माफीपत्र मागितलं. मी दिलं नाही. ओहोळ सर रस्त्यात दिसले की आमच्या मंडळीच्या रीतीनं 'सलाम' म्हणतात, मीही म्हणते. आमच्यात तेवढंच उरलं आहे. आतिफनं ती फिल्म पूर्ण केली नाही. ती डॉक्टरांनी दुसऱ्याकडून करून घेतली. बजाबाईंना ऑगस्टमध्ये कृत्रिम पाय बसला. पहिल्या आठवड्यात दोनदा पडल्या, आणि पडल्यावर अशा शिव्या दिल्या की बायकांचा वॉर्ड पोट धरून हसला. कोंबड्या पुन्हा त्यांच्याकडे आहेत.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी कोठारात मोबाइल वाजला. परदेशाचा नंबर. डॉक्टरच होते. आवाज थकलेला.

"सिस्टर, इथं जखमांचं फार वाईट आहे. पट्ट्या बांधायची पद्धतच नाही. तुमच्याकडं ती वही होती ना, रोजचं सगळं लिहिलेली. कुठल्या जखमेला काय, किती दिवसांनी काय. फोटो काढून पाठवाल का? तुमच्यासारखा हात इथं कुणाचा नाही."

किळस पुन्हा वर आली. तीच, जराही न उतरलेली. मला वाटलं होतं महिन्यांनी कमी होईल.

"तिथं मुख्य नर्स कोण आहेत?" मी विचारलं.

"फिरीबाई म्हणून आहेत. का?"

"त्यांचा नंबर द्या."

त्यांनी दिला. मी फोन ठेवला. चार दिवस मी वहीवरून एकेक पान इंग्रजीत उतरवत बसले, चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून. अडलं तिथं चित्र काढलं. मग फोटो काढून फिरीबाईंना पाठवले. त्यांचं लगेच उत्तर आलं, दोन प्रश्न होते, पू येणाऱ्या जखमेबद्दल आणि लहान मुलांच्या पायांबद्दल. नेमके प्रश्न. जखमा ज्यानं स्वतः धुतल्यात त्यालाच ते पडतात. मी दोन्हींची उत्तरं लिहिली. आता आम्ही आठवड्यातून एकदा बोलतो, तिचं इंग्रजी मला समजतं, माझं तिला.

डॉक्टरांचा आभाराचा निरोप आला होता, लांबलचक, शेवटी बायबलमधलं वचन घातलेला. मी तो वाचला नाही. पुसून टाकला आणि दुपारच्या चादरी मोजायला घेतल्या.